परत आलेली पिंपळपानं

लग्नसराईच्या तोंडावर पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साडीच्या दुकानातून साठ जोड कानातली परत आली. तांब्याच्या पत्र्यातून कापलेलं पिंपळाचं पान, अंगावर हातोडीचे ठोके, शिरा काळपट केलेल्या, बाकीचा भाग लालसर झळाळता आणि टोक लांब ओढलेलं. साडीसोबत शोभून दिसतील म्हणून दुकानदाराने हौसेने घेतली होती. एक गिऱ्हाईक बाई ती कानात घालून, पैठणी अंगावर टाकून आरशात बघत होत्या. पदर खांद्यावरून सरकला, पानाच्या कडेत अडकला आणि रेशमाचा धागा वीतभर बाहेर आला. पैठणीचा धागा निघाल्यावर दुकानदार काय बोलला असेल ते वेगळं लिहायला नको.

कानातली करणारी ताई धायरीला राहते. नाव तिच्याच सांगण्यावरून गाळलंय. घराच्या बंद केलेल्या गॅलरीत तिचं काम चालतं. मदतीला दोघी जणी. त्यातल्या मावशी वयाने मोठ्या, कातरकाम सगळं त्यांच्याकडे. माझी नोकरी भोसरीच्या एका टूलरूममध्ये झाली, पत्रा कापायचे डाय, म्हणजे साचे, करण्यात. दागिन्यांशी माझा संबंध सराफाचं बिल भरण्यापुरता. ओळखीतून निरोप आला, "काका, एकदा माल बघून जाल का? कड मी किती वेळा बोटाने तपासली, मला तर काहीच लागत नाही." हे शेवटचं वाक्य ऐकून मला उत्सुकता वाटली. बोटाला न लागणारी आणि रेशमाला लागणारी कड म्हणजे नेमकं काय झालं असावं याचा थोडा अंदाज होता. पण माल बघितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नव्हता.

काम कसं चाललं होतं

पत्रा २४ गेजचा, म्हणजे जाडी जवळपास अर्धा मिलिमीटर. रविवार पेठेतून तो वजनावर यायचा. पुठ्ठ्याचा साचा ठेवून पान आखायचं, कातरीने कापायचं, देठाजवळ १ मिलिमीटरचं भोक पाडायचं, कडेवर कानस फिरवायची, मग ऐरणीवर ठेवून ठोके द्यायचे, शिरा काळ्या करायच्या, वरून घासायचं, लॅकर मारायचं आणि हूक लावायचा. सुरुवातीची काही वर्षं ताई प्रत्येक पानाची कड स्वतः पॉलिश पेपरने घासायची. वेळ जायचा, पण तक्रार एकही नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर तिने टंबलर घेतला. रबरी पिंप, आत स्टीलचे गोळे आणि बारीक सळया, पाणी, भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब. रात्रभर फिरत ठेवलं की सकाळी माल लखलखीत. विकणाऱ्याने "कडासुद्धा आपोआप गुळगुळीत होतात" असं सांगितलं होतं, आणि सकाळी पिंप उघडल्यावर ते खरंच वाटायचं. हळूहळू कानस दोन-चार हातांवर आली, पॉलिश पेपर तर बंदच झाला. साठ जोडांची ऑर्डर हातात असताना कोणीही हेच केलं असतं.

माल परत आल्यावर ताईचा संशय तिसरीकडेच होता. त्याच सुमारास तिने हूक देणारा व्यापारी बदलला होता. धागा हुकाच्या टोकात अडकला असणार, अशी तिची खात्री होती. शिवाय व्हॉट्सअॅपवर जुन्या-नव्या गिऱ्हाइकांच्या आणखी तक्रारी पडून होत्या. कोणाच्या मानेवर टोकाने ओरखडा, दोघींच्या कानाच्या पाळीला खाज आणि लाली, बऱ्याच जणींच्या पानांना कडेकडेने हिरवट रेघ. ताईने या सगळ्यांची एकच मोट बांधली होती: हूक खराब.

कापसाची वात

पहिली तपासणी देवघरातल्या कापसाच्या वातीने केली. वात किंचित पिंजायची आणि कडेवरून अलगद फिरवायची. जिथे धातूचा बारीक काटा उभा असेल तिथे कापसाचे तंतू अडकून राहतात. टूलरूममध्ये आम्ही याला जुना नायलॉनचा मोजा वापरायचो. बोट या कामाला भोंगळ. बोटाची कातडी काट्यावरून घसरते, रेशीम घसरत नाही. रेशमाचा एकेरी तंतू १० ते १५ मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका बारीक. त्याला अडकायला फार मोठा काटा लागत नाही.

परत आलेल्या मालातल्या न वापरलेल्या पानांवर कापूस फिरवला, तर बहुतेक ठिकाणी तो साफ निघाला. ताईच्या चेहऱ्यावर "बघा, मी म्हटलं नव्हतं!" असं उमटलं. मग तीच पानं मी हातात धरून दोनदा-तीनदा हलकी वाकवली, कानात घालता-काढताना किंवा दुकानातल्या कार्डावरून ओढून काढताना वाकतात तितपतच. पुन्हा कापूस फिरवला. आता पांढरे तंतू कडेने ओळीने लटकत होते.

इथे प्रकरण उलगडलं. सराफी भिंगातून, मोबाइलची बॅटरी आडवी धरून बघितलं तेव्हा कडेलगत एक बारीक समांतर रेघ दिसली. ती ओरखडा नव्हती. कापताना उभा राहिलेला धातूचा पापुद्रा, ज्याला भोसरीत सगळे बर म्हणतात, टंबलरच्या गोळ्यांनी पुस्तकाचं पान दुमडावं तसा दुमडून पृष्ठभागाला चिकटवला होता. वरून तो गुळगुळीत, चकचकीत. पान वाकलं की उघडणारा.

टंबलरला इथे दोष देता येत नाही. स्टीलचे गोळे धातू घासून काढतच नाहीत. ते दाबतात, ठोकतात, वरचा थर घट्ट आणि चकचकीत करतात. कड खरोखर खाऊन गोल करायची असेल तर पिंपात स्टीलऐवजी सिरॅमिकचे किंवा प्लास्टिकमध्ये घर्षकाचे कण बसवलेले खडे लागतात, आणि त्यातून बाहेर येणारा माल निस्तेज असतो. तेज त्यानंतर स्टीलने आणायचं. विकणाऱ्याने दोन यंत्रांचं काम एका यंत्राच्या खात्यावर लिहून दिलं होतं. बफच्या चाकाचंही असंच. मऊ कापडी चाक आणि पॉलिशची वडी उंच बर काढत नाही, तिला एका बाजूला लोळवते. तांबं मऊ असल्यामुळे बर तुटून पडण्याऐवजी लोळते, वारंवार वाकली की कडक होते आणि मग अर्धवट तुटून आधीपेक्षा धारदार टोक मागे ठेवते.

ताईने विचारलं, "म्हणजे जितकं चकचकीत तितकं फसवं?" तसं नाही. चकाकी ही पृष्ठभागाची गोष्ट आणि कड ही आकाराची. ज्या कडेला आकारच दिलेला नाही तिला चकाकी देता येते, एवढाच घोटाळा.

बर येते कुठून

कातर पत्रा कापते असं आपण म्हणतो, पण खरं तर ती थोडं कापते आणि उरलेलं तोडते. पातं टेकलं की पत्रा आधी किंचित वाकतो, मग काही खोलीपर्यंत स्वच्छ कापला जातो आणि शेवटी चिरफळून तुटतो. त्यामुळे एकाच अर्ध्या मिलिमीटरच्या कडेवर चार पट्टे असतात: एका बाजूला दबलेली गोलाई, खाली चमकदार पट्टा, त्याखाली खरबरीत पट्टा आणि तळाला बर. दोन पात्यांमधली फट वाढली की बर वाढते. डाय करताना ही फट आम्ही पत्र्याच्या जाडीच्या पाच ते दहा टक्के ठेवायचो. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला म्हणजे अडीच-पाच शतांश मिलिमीटर. मावशींच्या कातरीचा खिळा इतका ढिला होता की पाती नुसत्या डोळ्यांनी वेगळी दिसत होती. खिळा आवळला, पात्यांना धार लावून आणली, आणि कापूस अडकण्याचं प्रमाण त्याच दिवशी बरंच खाली आलं.

दुसरी गोष्ट मावशींच्या हातातली होती आणि ती मला फार आवडली, कारण ती चुकीची नव्हती, सोयीची होती. पानाची उजवी बाजू कापून झाली की त्या पत्रा उलटा करून डावी बाजू कापायच्या, हाताला तेच वळण सोपं म्हणून. पण बर नेहमी कातरीच्या एकाच पात्याकडच्या अंगाला येते. पत्रा उलटला की अर्ध्या पानाची बर मागे आणि अर्ध्याची पुढे. त्यानंतर कानस मारणारी मुलगी फक्त मागच्या बाजूला कानस फिरवायची, कारण "बर मागेच असते" असं तिला शिकवलेलं. पुढच्या बाजूची बर टंबलरमध्ये दुमडली जाऊन थेट दुकानात पोचत होती. आता मावशी पान सरळच ठेवतात आणि टाकाऊ भाग कायम एकाच हाताला ठेवून गोल फिरत कापतात. दोन-तीन दिवस कुरकुर झाली, मग हात बसला.

तिसरा दोष क्रमातला. कानस आधी आणि ठोके नंतर, हा उलटा क्रम होता. ठोका कडेजवळ पडला की धातू बाहेर पसरतो आणि कड पातळ होते. मायक्रोमीटर लावून पाहिलं तर अर्ध्या मिलिमीटरचं पान कडेला ठिकठिकाणी ०.३ वर आलं होतं. म्हणजे कानशीने कड नीट केली, मग हातोडीने तिची पुन्हा सुरी केली. ठोके आधी, सपाटी त्यानंतर, कड सगळ्यात शेवटी. एवढा बदल फुकट होता.

भोकाचं थोडक्यात सांगतो. पान नुसतं हातात धरून ड्रिल केल्यामुळे मागे बर, आणि आतली धार कडीला घासून घासून कापत होती. खाली लाकूड दाबून धरायचं आणि भोक पडलं की ३ मिलिमीटरचं ड्रिल हातानेच दोन्ही बाजूंनी दोन वेढे फिरवायचं. मोटर नको, ती खोल जाते.

हुकावरचा आळ

हूक निर्दोष नव्हता, पण त्याचा गुन्हा वेगळा होता. तो जर्मन सिल्व्हरचा होता. या मिश्रधातूत चांदी फक्त नावात असते. तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि निकेलची अॅलर्जी असलेल्या कानाला खाज सुटते. युरोपात कानाच्या भोकात जाणाऱ्या भागातून आठवड्याला प्रति चौरस सेंटिमीटर ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटायला बंदी आहे, त्वचेला नुसता टेकणाऱ्या भागाला ही मर्यादा ०.५ आहे. दोघी गिऱ्हाइकांना विचारलं, तर एकीला घड्याळाच्या पट्ट्यानेही पुरळ येत असे. हा प्रश्न कड कितीही घासली तरी सुटणार नव्हता. ताईने हूक ९२.५ चांदीच्या तारेचे केले, २० गेज म्हणजे ०.८ मिलिमीटर. तार कटरने तोडली की तिचं टोक छिन्नीच्या आकाराचं होतं. ते तसंच कानात जाऊ देणं म्हणजे छळ. वाटीच्या आकाराचं छोटं कप बर (नाव तेच, पण हे धातू कातायचं हत्यार) टोकावर धरून फिरवलं की टोक घुमटाकार होतं. नसेल तर बारीक कानस आणि पेपरने होतं, वेळ लागतो.

हिरवी रेघ मात्र कडेचीच निघाली. पातळ लॅकर धारदार कडेवर टिकत नाही. वाळताना ते धारेवरून दोन्ही बाजूंना ओढलं जातं आणि नेमक्या कडेवर थर सगळ्यात पातळ उरतो. घाम तिथूनच शिरतो. कड गोल केलेल्या नमुन्यांवर तेच लॅकर, तोच हात, आणि पुण्याच्या मे महिन्यात वापरूनही रेघ आली नाही. मला हा धडा रंगवलेल्या मशीन-कव्हरांवरून माहीत होता, कानातल्याला लागू होईल असं वाटलं नव्हतं.

तांबट आळीत

कड गोल करायची ठरली तरी एक अडचण उरत होती. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याची कड जास्तीत जास्त पाव मिलिमीटर त्रिज्येने गोल होते. ती ओरबाडत नाही, पण दाबली की रुततेच, कारण ती पातळच राहते. पानाला हे चाललं असतं. ताईचे पत्र्याचे कडे मात्र मनगटावर घट्ट बसणारे, त्यांना चालत नव्हतं. म्हणून आम्ही कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. पिढ्यान्‌पिढ्या तांब्याचे हंडे आणि घंगाळं ठोकणारी ही आळी, अंगावर मठाराचे चकाकते ठोके उमटवण्यासाठी नावाजलेली. एका वयस्कर कारागिरांनी कडं हातात घेतलं, काठावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ताई, काठ उघडा ठेवलाच कशाला? पत्रा पातळ असला की काठ वळवायचा."

समोरच्या घंगाळाचा काठ बाहेरच्या बाजूला वळवलेला होता. उघडी कड हाताशी येतच नव्हती. आपल्या जुन्या दागिन्यांकडे मी या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. बोरमाळेचे मणी पोकळ गोल, ठुशीचे मणी बारीक गोळे, कुडी मोत्यांची, पुतळ्यांच्या माळेतल्या चकत्यांना काठ उठवलेला. पातळ पत्र्याची नागडी कड गळ्यावर किंवा कानाशी येणार नाही, अशीच रचना आहे. ती मुद्दाम ठरवून केली की सोनं वाचवता वाचवता झाली, यावर सराफ आणि मी दोघंही वाद घालू शकतो.

कड्यांच्या दोन्ही लांब कडा आता चार मिलिमीटर आत वळवल्या जातात. त्याआधी पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावा लागतो. तांबं असं पाण्यात टाकल्याने कडक होत नाही, मऊच राहतं. मग घडी लाकडी हातोडीने बसवायची. २४ गेजचाच पत्रा काठाला १ मिलिमीटर जाड होतो, कड्याला ताठपणाही येतो. पानाला ही युक्ती लागू पडत नाही. बाहेर फुगलेल्या वळणावर काठ आत वळवला की चुण्या पडतात.

पानासाठी पत्राच जाड घेतला, गेजचा आकडा कमी तितका पत्रा जाड. पानाचं क्षेत्रफळ साधारण ८ चौरस सेंटिमीटर आणि तांब्याची घनता ८.९६ धरली तर २४ गेजमध्ये एक पान साडेतीन ग्रॅमच्या थोडं वर, २२ गेजमध्ये साडेचारच्या थोडं वर आणि २० गेजमध्ये पावणेसहाच्या आसपास भरतं. मला २० गेज हवं होतं, ताईने साफ नाही म्हटलं. दिवसभर कानात सहा ग्रॅम घालून लग्नात फिरायचं काम माझ्याकडे नाही, हे तिचं म्हणणं मान्य करावं लागलं. २२ गेजवर तडजोड झाली.

कडेचं काम, आता

ताईकडे आधी हार्डवेअरच्या दुकानातली मोठी खरबरीत कानस होती. तिचे दातच एवढे मोठे की ती जुनी बर काढून स्वतःची नवी बर ठेवायची. आता नीडल फाइलचा संच आहे, आधी २ नंबर कट, मग ४. कानस पुढे ढकलताना कापते, मागे आणताना उचलायची. मागेपुढे घासली तर दात बोथट होतात आणि कडेवर लाटा येतात. महत्त्वाचं म्हणजे कानस कडेला आडवी मारायची नाही. आडवी मारली की बर या अंगावरून त्या अंगाला जाते आणि माणूस दोन्ही बाजूंनी तिच्या मागे धावत राहतो. कडेच्या लांबीने, तिरकी सरकवत न्यायची. पहिल्यांदा कड सपाट, मग दोन्ही अंगांनी ४५ अंशांवर एकेक हलका हात, मग ते दोन कोन मिळवत गोल. तांबं कानशीच्या दातांत भरतं आणि अडकलेला कण पुढच्या पानावर खोल चरा पाडतो. आधी खडू घासून ठेवला की भरणं कमी होतं.

कानस कुठे पोचली नाही हे कळायला कडेवर आधी काळं मार्कर फिरवायचं. जिथे काळं उरलं तिथे काम उरलं. मुलींना शिकवायला याहून सोपं काही सापडलं नाही. "नीट घास" या सूचनेला काही अर्थ नसतो, "काळं दिसता कामा नये" याला असतो.

त्यानंतर पॉलिश पेपर ४००, ६००, १२००. चारशेच्या पेपरवरचा कण सुमारे ३५ मायक्रॉनचा, सहाशेचा २६ च्या आसपास, बाराशेचा १५. प्रत्येक पेपरला घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे चरे उरले का ते दिसतं. बाराशेनंतर कापूस अडकायचं कारण उरत नाही. पेपर लाकडी पट्टीवर चिकटवला तर कड सपाट होते. गोल करायची असेल तर खाली मऊ काहीतरी लागतं. ताईने संगणकाच्या माऊसखालचं जुनं पॅड कापून त्यावर पेपर लावला. मावशींनी त्याहून चांगली युक्ती काढली. पाच-सहा पेपर एकावर एक ठेवून एक कड टेपने बांधायची आणि पानाची कड थप्पीच्या पानांमध्ये घालून ओढायची. दोन्ही अंगं एकाच ओढीत गोल होतात.

टोकाचा प्रश्न वेगळा होता. पिंपळाच्या पानाची सगळी शोभा त्या लांब टोकात, आणि मानेवरचा ओरखडाही त्याच टोकाचा. टोक छाटलं तर पान बदामाचं दिसायला लागलं. शेवटी टोकाची रुंदी दीड मिलिमीटरपेक्षा कमी करायची नाही, शेवट अर्धगोल करायचा आणि टोक किंचित पुढच्या बाजूला, मानेपासून दूर वळवायचं, असं ठरलं. वळवल्याने पान जास्त जिवंत दिसतं, हे ताईचं मत. मला ते आधीसारखंच दिसतं.

टंबलर गेला नाही. तो आता कडा तपासून झाल्यावरच चालतो. पिंपातून काढल्यावर प्रत्येक जोडातलं एक पान हलकं वाकवून पुन्हा कापूस फिरवतात. हलत्या मोटरवर, मग ती टांगून ठेवलेली ड्रिलची असो की बफची, ओढणी खोचलेली, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क. हातमोजे मात्र काढून ठेवायचे, चाक मोजा ओढून घेतं आणि त्यासोबत बोट.

हिशेब

जोडामागे कडेचं काम पंधरा मिनिटांच्या आसपास गेलं. टंबलर आल्यावर ते चार-पाच मिनिटांत उरकत होतं, त्याआधीच्या जुन्या पद्धतीत अर्धा तास लागायचा. कातर नीट झाल्याने आणि क्रम बदलल्याने जुन्या पद्धतीपेक्षा निम्मा वेळ वाचला, हा खरा फायदा. ताईने भाव वाढवला, दुकानदाराने घासाघीस केली, मग त्याने स्वतःच कापूस मागवून चार जोड वाकवून बघितले आणि गप्प बसला.

परत आलेल्या साठ जोडांपैकी ज्यांच्या कडा ठोक्यांनी फारच पातळ झाल्या होत्या ते भंगारात गेले, जवळपास तिसरा हिस्सा. उरलेल्यांचं लॅकर थिनरने उतरवलं, कडा पहिल्यापासून केल्या, शिरा पुन्हा काळ्या केल्या. वेळेचा हिशेब धरला तर नवीन करणं स्वस्त पडलं असतं, आणि मी तसं म्हटलंही होतं. ताईला तो माल टाकवला नाही.

एक नमुना अजून अडलेला आहे. कडुनिंबाचं पान. त्याची कड दातेरी, आणि प्रत्येक दातामधल्या खाचेत कोणतीही कानस पोचत नाही. कातरीने तर ती खाच कापताही येत नाही, २/० नंबरच्या ब्लेडची करवत लागते. करवतीची बर कातरीपेक्षा बारीक असते, पण असते. जाड सुती दोरा खुंटीला बांधायचा, ताणून धरायचा, त्यावर पॉलिशची वडी घासायची आणि पान दोऱ्यावर मागेपुढे सरकवायचं, जाळीकामाच्या आतल्या कडा अशाच साफ करतात. खाच गुळगुळीत होते, पण एका पानाला पाऊण तास जातो. दुकानाला त्या भावात ते परवडत नाही. कोणी थेट मागितलं तर ताई करून देते, आणि वायदा महिन्याचा सांगते.